खात्याला घरी आणताना

बायकोला, निशाला, नववा लागला होता, म्हणून नंदुरबारच्या मिरची बाजारात हमाली करणाऱ्या दिनेशनं जीप केली आणि आईला खडकीपाण्याच्या माळावर आणलं. आधीची दोन लेकरं जन्मल्यापासून आठवड्याच्या आतच गेली होती. आईचं, फुलवंताबाईचं, म्हणणं एकच होतं. घराण्यातला खात्या नावाचा पूर्वज कंपनी सरकारशी लढताना या माळावर पडला, त्याला कुणी घरी नेलंच नाही. तो आला की पोर टिकेल. दिनेशचा विश्वास नव्हता, पण आईला नाही म्हणायची छातीही नव्हती.

माळाकडेचं संग्रहालय म्हणजे दोन खोल्या, पत्रे आणि फिनेलचा वास. भिंतीवर कंपनीच्या इथं पडलेल्या माणसांची संगमरवरी पाटी. एक गोरा कप्तान, नऊ शिपाई, प्रत्येकाचं नाव, हुद्दा, गाव. खाली एकच ओळ : 'शिवाय बरेच लुटारू ठार.' दिनेशच्या डोक्यात सणक गेली. आमच्याच डोंगरात घुसून आम्हीच लुटारू, आणि इतक्या वर्षांत ती ओळ पुसायला एका साहेबाचा हात उचलला नाही. रखवालदार कुंदन म्हणाला, पाटी जुनी आहे, मी फक्त झाडतो.

माळावर रणरणतं ऊन. फुलवंताबाईनं मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडली, त्याचा म्हणून एक दगड पदरात बांधला आणि हाक दिली, "खात्या, चाल घरी."

रीत एवढीच. एक नाव, एक हाक. पण दिनेशचा राग उतरला नव्हता.

"पाटीवर आमची नावं नाहीत ना? मग इथं जे जे पडले, ते सगळे चला."

वारा पडला. फुलवंताबाईचं तोंड उतरलं. "नाव नाय घेतलं तू," ती हळूच म्हणाली. "आता मागं बघू नको."

घाटात जीप पहिल्या गिअरमधून हलेना. ड्रायव्हर ईश्वर कुरकुरला, "तुम्ही दोनच जन शेतस. मंग गाडी वऱ्हाड भरेल सारखी का चाली ऱ्हायनी?"

मागच्या रिकाम्या बाकांवरून घामाचा वास येत होता. आणि ओल्या चामड्याचा.

उन्हं कलताना दोघं घरापुढं उतरले. मागं जीपचं धूड कुणी उतरल्यासारखं जरासं वर आलं. मग पुन्हा. मग पुन्हा.

घरात निशा कण्हत होती. कळा सुरू झाल्या होत्या.

शेजारणीनं नुकतंच सारवलेलं अंगण अजून ओलं होतं. त्यावर अनवाणी पावलं उमटत गेली आणि रीतीप्रमाणे दाराबाहेर थांबली.

त्यांच्यामधून बुटांच्या दहा जोड्या पुढं निघाल्या. टाचेला नाल, एका ओळीत, डावा, उजवा.

त्या थांबल्या नाहीत. उंबरा ओलांडून आत गेल्या.