कपाटामागची तिसरी वाट

माझ्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे तुझ्या मावससासूबाईंच्या डोक्यात गाठ निघाली, तेव्हा मी नवस बोलले होते. ही आपल्या पायांनी चालत घरी येईपर्यंत मी पायांत चप्पल घालणार नाही. सूनबाई, उद्यापासून तू सासऱ्यांच्या जागी रुग्णालयाच्या तळघरात कामाला जाणार, म्हणून हे आज सांगते. दिवा जरा अलीकडे घे. घाबरू मात्र नकोस. मी तुला भीती घालायला बसलेली नाही, कुणाचे तरी उपकार सांगायला बसले आहे.

ऑपरेशनचा दिवस होता. वरच्या मजल्यावर तिला आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर बसून जप करू म्हटलं, तर ओठ हलायचे आणि मन दाराशी. शेवटी ह्यांचा डबा उचलला आणि तळघराचा जिना उतरले.

तुला ती खोली दिसेलच. खिडकी नाही, त्यामुळे दुपार आणि मध्यरात्र तिथे सारखीच. संगणकांची काळी उंच कपाटं, त्यांच्या पंख्यांची एकसुरी घरघर, हाडांत शिरणारा गारवा. खालची फरशी सुट्ट्या चौकोनांची, आतून पोकळ. तिच्याखालून वायरी जातात. कुणी पाऊल टाकलं की शेजारच्या फरशीलाही कळतं. अनवाणी असल्यामुळे हे खोलीत कुठे आहेत, हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"बरी आलीस," हे म्हणाले. "जोडीदार रजेवर आहे. डबा ठेव आणि इथे पडद्यासमोर बस."

"अहो, मला यातलं काय कळतंय?"

"आकडे वाचता येतात ना? झालं तर."

मग त्यांनी समजावलं. सगळ्या पेशंटांचे फोटो त्या एका कपाटात साठवलेले. तिथपर्यंत जायला दोन वायरी, म्हणजे दोन वाटा. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. त्यातली दुसरी सकाळपासून अडखळत होती. "डॉक्टरांच्या पडद्यावर तुझ्या बहिणीच्या डोक्याचे फोटो इथूनच जाताहेत. एकाच वाटेच्या भरवशावर राहायला नको. बिघडलेली वायर आत्ताच बदलतो."

त्यांनी एक आज्ञा टाइप केली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पहिल्या वाटेपुढे पन्नास, दुसरीपुढे दहा.

"ही आज्ञा प्रत्येक वाटेला गुण देते. जिचे गुण जास्त, तिच्यावरून सगळी ने-आण."

"म्हणजे शाळाच की हो!"

"हो. आणि दुसरा नंबर तुझ्या भावासारखा, ढकलपास." मला हसवायलाच म्हणाले ते. "आकडे आपोआप बदलत राहतील. तू मोठ्यानं वाचत राहा. आणि पडद्याला नमस्कार करू नकोस."

"मनातल्या मनात केला तर?"

"तर चालेल."

हे कपाटामागे गेले. कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपायची, हा त्यांचा कायमचा नेम. त्या दिवशी मेव्हणीच्या काळजीत तो राहून गेला. त्यांनी नुसती वायरीवरची चिठ्ठी वाचली. सफाईत गळून पडलेल्या चिठ्ठ्या कुणीतरी अदलाबदल करून चिकटवल्या होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं.

"काढतो गं," त्यांचा आवाज आला. खट्ट झालं.

मी वाचलं. "दुसरी आहे तशीच, दहा. पहिली... अहो, पहिली शून्य झाली."

"काय?"

"पहिली शून्य. आणि दुसरी... आता दुसरीही शून्य."

सगळा भार अंगावर पडताच त्या अडखळणाऱ्या वाटेनं जीव टाकला होता. वर डॉक्टरांच्या हातात हत्यार, समोर काळा पडदा आणि टेबलावर माझी बहीण... माझ्या तोंडून देवाचं नावसुद्धा फुटेना.

तेवढ्यात माझ्या तळपायाखालची फरशी हलली.

दाराकडून कुणीतरी चालत येत होतं. जड, सावकाश पावलं. दिसत कुणीच नव्हतं. एकेक फरशी दबत होती, सुटत होती. माझ्या खुर्चीला वळसा घालून ती पावलं कपाटामागे गेली. भिजून अंगावरच वाळलेल्या लोकरीसारखा वास आला. पंख्यांची घरघर खाली बसली, मोठ्या माणसाला बघून पोरं गप्प व्हावीत तशी.

पडद्यावर तिसरी ओळ आली. नाव नाही, नुसता आकडा. शंभर.

"अहो... तिसरी वाट..."

"तिसरी कुठली?" ह्यांचा आवाज चिरकला. "या कपाटाला दोनच वाटा आहेत. तिसरी वायर जोडायला जागाच नाही!"

"शंभर गुण आहेत तिला..."

ते धडपडत वायर परत खोचत होते. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. आणि त्याच्या पाठीमागे आणखी एक श्वास, ओझं तोलून धरलेल्या माणसाचा असतो तसा.

पहिल्या ओळीत पन्नास उमटले. तिसरी ओळ जराशी थांबली, खात्री करून घ्यावी तशी, आणि पुसली गेली. पावलं परत निघाली. माझ्याजवळ आल्यावर थबकली. माझा पाय होता तीच फरशी किंचित दबली. मग पावलं दाराकडे गेली.

ह्यांनी वर फोन लावला. "चित्रं... मध्ये गेली होती का?"

"नाही हो," पलीकडून नर्स म्हणाली. "उलट मघाशी जरा जास्तच स्वच्छ दिसत होती. का?"

हे तिथेच खाली बसले. मीही बसले. दोघांनी फरशीला डोकं टेकवलं. ते नमस्कारावरून मला पुन्हा कधी बोलले नाहीत.

बहीण वाचली, चालत घरी आली. शुद्धीवर आल्यावर तिनं मला एवढंच सांगितलं, "ताई, कुणीतरी माझा हात धरून होतं गं. एका हातानं मला धरलं होतं, आणि दुसरा हात खाली... खूप खाली गेला होता. इतका लांब हात माणसाचा नसतो."

त्यानंतर डबा द्यायला उतरले की मी कपाटामागच्या मोकळ्या जागेकडे वळून म्हणायची, "तुमचे उपकार आहेत." कोण आहे, कुठून येतं, मी विचारलं नाही. मदतीला धावून आलेल्याची चौकशी कशाला करायची?

तूही तसंच कर, सूनबाई. उद्या कामाला हात लावण्याआधी कपाटामागे बघून आभार मान. म्हण आणि लगेच खुर्चीत येऊन बस. उत्तरासाठी तिथे थांबू नकोस. तुझे सासरे एकदा थांबले होते. काय ऐकलं ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.