राखेच्या डब्यातली हाडं

पाच वाजता संस्थेचा फोन येणार होता आणि बेबीबाईच्या अंगणात कोणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता.

बेबीबाईनं बोलावल्यावरून जमीलाआपा मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यावर पोचल्या तेव्हा साडेतीन झाले होते. आपा वाशिमच्या. विमा कंपन्यांसाठी चौकशा करता करता त्यांची नजर तिखट झाली होती. त्यांची मोटारसायकल चालवणारा हरीओम माणूस भला, पण डोक्यानं निवांत.

बेबीबाईनं गळ्यातली तुळशीची माळ चाचपत हकीकत सांगितली. नवरा वारला तेव्हा रंजीता चार वर्षांची होती. वाशिमच्या एका धार्मिक संस्थेनं पोरीला वसतिगृहात घेतलं, शिकवलं. आता ती नर्सिंगला होती आणि दीड वर्ष उरलं होतं. अट अशी की, घरात मांस शिजवायचं नाही, आणि जिथं शिजतं तिथल्या पंगतीतही बसायचं नाही. दर महिन्याला पर्यवेक्षक दौलतसिंग दारात येऊन भांडी तपासायचे.

"काल त्यायनं भांडी मांगतली," बेबीबाई म्हणाली. "रंजीता दिवाईच्या सुटीत घरी हाये, तिनंच एकेक आणून देल्ली. भांडी घासाच्या राखेचा डबाबी आणला. त्यात हाडं निघाले. आपा, पंधरा वर्सात मी मटनाले हात नाई लावला. पोरीची जागा गेली तं मी कायले जगली?"

दौलतसिंग बाजेवर अवघडून बसले होते. ते जन्माचे शाकाहारी. आपण उंबरठा कधी ओलांडला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. अट मोडली की नाही, हे पाच वाजता फोनवर त्यांनाच कळवायचं होतं. त्यांनी पुराव्याची पिशवी पुढे केली. आपांनी हाडं कागदावर मांडली. तीन जाड नळ्या, दोन्ही टोकं शाबूत, राख झटकल्यावर पांढऱ्याफटक.

माळकरी घरातला हरीओमही वाकून पाहत होता. हाडासारखी हाडं, असं तो म्हणाला.

बेबीबाईचा दीर राजपाल शेतात सोयाबीन काढत होता. बांधावरून त्याचं वहिनीशी भांडण होतं, म्हणून तांड्याचा संशय त्याच्यावर. आपा त्याला तिथंच जाऊन भेटल्या.

"मी खातो, पण चोरून नाई खात," तो चिडून म्हणाला. "नळी फोडून चोखल्याबिगर मले जेवल्यासारखं वाटत नाई. पण वयनीच्या पोरीचं नुस्कान मी काहून करू?"

परत आल्यावर आपांनी रंजीताला मटण आवडतं का, एवढंच विचारलं. चवच ठाऊक नाही, आणि घरात ते शिजलेलं कधी पाहिलंही नाही, असं ती म्हणाली.

पावणेपाचला आपांनी सगळ्यांना अंगणात बसवलं. राजपालही शेतातून आला होता.

"हे मटन कोणी खाल्लंच नाई," त्या म्हणाल्या. "शिजलं असतं तं हाडं हयदीनं पिवळे पडले असते. अन् या तांड्यात नळी फोडल्याबिगर कोणी टाकते का? हे खाटकाकडून आणून राखेत पुरलेले हाडं हायेत. ठेवणाऱ्याले मटन कसं खातात हेच ठाऊक नाई."

हरीओमचा चेहरा पडला. आपा हसल्या. "तू नाई रे. असे इथं दुसरे दोघं हायेत. दौलतसिंग घरात शिरले नाई, अन् त्यायनं फक्त भांडी मांगतली होती. मंग राखेचा डबा बाहेर कायले आला, रंजीता?"



"मायले दर महिन्याले भांडी हुंगाले द्या लागते," रंजीता म्हणाली. "लगन असो, बारसं असो, माय घरी एकटी जेवते. माह्यासाठी. मी शिक्षण सोडतो म्हटलं तं आयकत नाई. मले वाटलं, संस्थेनंच काढलं तं माय सुटन."

फोन वाजला. दौलतसिंगांनी एकदा हाडांकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"अट मोडलेली नाही," ते फोनवर म्हणाले. "घरात मांस शिजलेलंच नाही. मुलगी सुटी संपली की येईल."

बेबीबाई उठली. आपांना वाटलं, आता पोरीला मारते. ती पोरीसमोर बसली आणि माळेवरचा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"पंधरा वर्सं म्या एकटीनं जेवून काढले," ती म्हणाली. "तुले दीड वर्स निघत नाई?"

रंजीता रडत होती. डोळे पुसून ती कालपासून अंगणात पडलेली भांडी एकेक करून आत नेऊ लागली. दोन ताटं तिनं बाहेरच ठेवली, शेजारी शेजारी.