दोरावरचा मेव्हणा

बसा. मुरबाडकडे जाणारी एसटी आता साडेचारशिवाय नाही, आणि वैशाखऱ्याच्या फाट्यावर उन्हात उभं राहण्यापेक्षा माझ्या बहिणीची पडवी बरी. सावली आहे, माठ आहे, वर मी आहे. फक्त आवाज जरा बारीक ठेवा. आत दाजी जेवायला बसलाय.

मी जैतू, डोळखांबकडच्या पाड्यावरचा. मी थापा मारतो असं तुम्हाला कोणीही सांगेल. रानडुकराने मला पाठीवर बसवून ओढ्यापार नेलं, ती थापच होती. डुक्कर होतं, पाठीवर मी नव्हतो. पण आता सांगतोय ते डुकरासारखं नाही.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात मी इथे आलो होतो. काम साधं, मालूला नाचणीचं पीठ पोचवायचं. मालू माझी धाकटी बहीण, बुधू तिचा नवरा. पिशवी खाली ठेवली तोच बुधू म्हणाला, "दादा, आलाच आहेस तर दोरावर बस. कड्याला आग्या मोहोळ भरलंय."

आता हे तुम्हाला माहीत नसेल. मध काढणारा कड्यावरून दोराला लटकून खाली उतरतो. वर दोर धरायला आमच्यात बायकोचा भाऊच बसवतात. स्वतःचा भाऊ चालत नाही. खालचा मेला तर भावाला शेतात वाटा मिळतो. मेव्हण्याला काय मिळतं? बहिणीचं पांढरं कपाळ. म्हणून तो दोर सोडत नाही. दोरावर बसणाऱ्याने उपाशी बसायचं आणि तोंड चालू ठेवायचं, म्हणजे खालच्याला कळतं की वरचा जागा आहे. आणि दोराची बोली असते. एक हिसका, सोड. दोन, थांब. तीन, वर घे.

मी उपाशीच होतो. तोंडाचं तर विचारूच नका.

तरी बुधू पडला. पडण्याआधी खालून काहीतरी ओरडला. वारा होता, मला ऐकू आलं नाही.

त्याला वर आणला तेव्हा मालू रडली नाही. तिने फक्त विचारलं, "शेवटी काय बोलले ते?"

आणि माझ्या जिभेला सवय. मी म्हणालो, "मालूला सांभाळ, म्हणाला."

ती म्हणाली, "दादा, त्यांनी मला कधी मालू म्हटलंच नाय. वीस वर्षांत एकदा नाय. दीपीची आय म्हणायचे. तू खोटं बोलतोस. खरं सांगशील तवा या दारात ये."

दार लागलं. दोन भाऊबीजा गेल्या. मी फाट्यावर उतरायचो, दाराकडे बघायचो, परत गाडीत बसायचो.

आणि मग स्वप्न पडायला लागलं. रात्री नाही, दुपारी. घरी जेवून पडवीत आडवा झालो की मी कड्यावर असायचो. वासही तोच, जळक्या गवताच्या धुराचा आणि गरम कातळाचा. कमरेला दोराचा वेढा, दोराला वजन. पण दोर वाखाचा, आमच्या बापाच्या वेळचा. त्या दिवशी खरा दोर निळा नायलॉनचा होता, शहापूरच्या बाजारातला. म्हणून मला झोपेतच कळायचं की हे स्वप्न आहे. म्हटलं, बरं झालं. आता तो ओरडेल, मी नीट ऐकेन, आणि मालूला जाऊन सांगेन.

पण कसलं काय! तो तोंड उघडणार तोच मला जाग. एकदा शेळी खोकली. एकदा भंगारवाल्याचा भोंगा. एकदा माझी बायको हिराबाई हिने ऐन वेळी मिक्सर लावला. अरे, पाटा काय मेला होता? महिनाभर हेच. माणूस दारापर्यंत जातो आणि कोणीतरी शर्टाला धरून मागे ओढतं, तसं.

बुधूची पोर दीपिका आईला चोरून मला फोन करते. आसनगावला खोली घेऊन राहते, कल्याणला कामाला जाते. मोबाईलवर कायकाय बघते. तिला सांगितलं तर म्हणाली, "मामा, त्याची पण टेक्निक असते. स्वप्न पुसट व्हायला लागलं ना, की हात चोळायचे. जमीन चाचपायची. एकाच ठिकाणी बघत राहायचं नाय. आणि खूश व्हायचं नाय, खूश झालास की जाग येते."

"खूश कोण होतंय गो?"

"आणि मामा... काय बोलले ते कळलं तर आधी मला सांग."

हात चोळायचे म्हटल्यावर मला एकच रीत माहीत. तंबाखू मळायची. पुढच्या दुपारी कड्याच्या कडा विरघळायला लागल्या, तसा मी स्वप्नातच डाव्या तळव्यावर अंगठा फिरवायला लागलो. आणि काय सांगू, सगळं परत घट्ट! दगडावरची मुंगीसुद्धा दिसली. मी खूश झालो. झाली जाग. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग मी बंदोबस्त केला. शेळी शेजाऱ्याकडे बांधली. कोंबडा आरवायचा, तो खाल्ला. हिराबाईला माहेरी पाठवली. जाताना म्हणाली, "झोपायला बायको घालवणारा तुमीच पहिले!" पाड्यावर सगळे भातशेतीचा राब भाजण्यासाठी पाला तोडायला गेलेले. पानसुद्धा हलत नव्हतं. झोपलो.

तरी जाग आली. त्याच जागी. तो तोंड उघडणार, तेवढ्यात.

मी पडवीत उठून बसलो. आवाज कुठेच नव्हता... मग मला उठवलं कोणी?

तेव्हा डोक्यात आलं. शेळी नाही, भोंगा नाही, बिचारा मिक्सरही नाही. मला उठवणारा आवाज स्वप्नातलाच होता. कड्याखालून येणारा. दर वेळी.

दुसऱ्या दुपारी मी ठरवून पडलो. काही झालं तरी उठायचं नाही. कडा आला, धूर आला. माशांचा आवाज चढला. मी मळायला लागलो. कातळ चाचपला, तव्यासारखा तापलेला. एकदा झाडाकडे बघायचं, एकदा दोराकडे, एकदा आभाळाकडे. खालून श्वास घेतल्याचा आवाज आला. कडा पुसट झाला. मी मळतोय, मळतोय, तळव्याची साल निघायला आली...

"दादा... उठ!"

एवढंच. "दादा, उठ रे!"

बघा, आता तुमच्यापासून काय लपवू? मी उपाशी नव्हतो. मालूने त्या दिवशी सुकटीची चटणी केली होती. चार भाकरी खाल्ल्या मी, वर ताक प्यायलो, आणि मग दोरावर बसलो. बोलता बोलता मान खाली आली. तोंड बंद झालं ते खाली बुधूला कळलं. दोर हातातून सरकायला लागला तेही त्यालाच आधी कळलं.

स्वप्नात ते ऐकलं तेव्हाच उठायचं होतं. उत्तर हातात होतं. मालूकडे जायचं, पाय धरायचे, सांगायचं. पण त्याच क्षणी दोर माझ्या हातातून सरकला. आणि या वेळी मी जागा होतो. झोपेत असेन, पण जागा होतो. मी दोर आवळला. वजन थांबलं. मग तीन हिसके आले.

मी ओढलं. आधी हात आले, कोपरापर्यंत मधाने माखलेले. मग डोकं. बुधू कड्यावर बसला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, उठ."

"उठलो की रे," मी म्हणालो.

दोघं इथे आलो. मालूने दार उघडलं. कपाळावर कुंकू, एवढं मोठं. "ये दादा," म्हणाली. जसं काही झालंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी उठलेलो नाही.

हसा, हसा. लांबून हिराबाईचा आवाज येतो कधी. कोणीतरी माझ्या पायाला तेल लावतं. दीपिका म्हणते, "मामा, डोळे उघड ना... काय बोलले ते?" एकदा तर मालूच आली होती. ती खरी, पांढऱ्या कपाळाची. उशाशी बसून म्हणाली, "नको सांगूस रे. तू उठ फक्त." तोंडापाशी आलं होतं माझ्या. पण सांगायचं तर उठावं लागतं, आणि उठलो तर हातातला दोर सुटतो. आता तुम्हीच सांगा, दोरावर बसलेला मेव्हणा दुसऱ्यांदा कसा सोडेल? चिडचिड होते नुसती. आणि दाजी! चांगला जेवतो, खातो, पण दोन वेळा ताटावरून मान वर करून तेच, "दादा, उठ." दुसरा शब्द नाही त्याच्या तोंडात.

ही तंबाखू? तुम्ही आल्यापासून मळतोय, तोंडात टाकत नाही, असं मनात आलं ना तुमच्या? तळवा बघा. काही नाही त्यात. थांबा, हलू नका, तुम्ही जरा पुसट व्हायला लागलात. हां. आता दिसताय. तुम्ही कोण, कुठले, हे मी विचारलेलं नाही ते याचसाठी. विचारलं की माणसं विरतात.

बंडीखाली हा दोर बघताय? तो कमरेलाच आहे अजून. सोडत नाही मी. दुसरं टोक दाराच्या फटीतून आत गेलंय, दाजीच्या कमरेला. तो जेवतोय म्हणून सैल पडलाय.

...बघितलंत? आत्ता ताठ झाला. हिसके येतायत.

एक.

दोन.

श्श... मालू आत विचारतेय, "अगो बाय, ताटावरून कुठं गेले हे?"

तीन.