पोटावरचा हात

वसमतच्या हॉटेलावर मी रोज थापा मारतो. ही थाप न्हाई.

आमच्या देविदाससंगं घडलंय... हिंगोलीत, बाळंतिणींच्या आयसीयूत. तेबी भर दुपारी.

देविदासची पहिली बायको कोमल. बाळंतपणात रक्त जाऊन मेली. दुसरी प्रतिक्षा. तिला पोरगी झाली... अन् हिचंबी रक्त थांबंना.

सिस्टर बाहेर आली. "एक पिशवी चढून राहिली. अजून दोन लागतात. रक्त कोण देतं?"

देविदासचा भाऊ म्हणला, मला शुगर हाय. मेव्हणा चहा आणाया गेला. तो चहा अजून येऊन राहिला.

देविदास अंगानं रेड्यावानी. पण त्याची माय, मंजुळाबाई, आडवी आली. "लेकरू रानात राबतंय माझं. कमजोरी येईल."

एक मिनिट त्याला आत सोडलं. प्रतिक्षाला म्हणला, "भिऊ नको. दिलं म्या रक्त."

बाहेर येऊन तंबाखू मळत बसला.

जरा वेळानं सिस्टर परत आली. तापलेली.

"आत बाई काहून पाठवली? रक्त थांबाया पोट बराबर दाबून धरलंय तिनं, पण नातेवाईक चालत न्हाईत."

"आमी कुणालाच न्हाई पाठवलं."

आत जायाचं तर चपला दारात काढाव्या लागतात; तिथं एकच जोड होता. सिस्टरचा.

सिस्टर अन् देविदास आत गेले...

प्रतिक्षा एकटीच.

पोटावरची चादर खोल दबलेली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली... कुणी हात उचलल्यावानी.

प्रतिक्षानं डोळे उघडले. "आक्का कुठं गेली?"

"कोण आक्का?"

"पोट दाबून बसली होती. हात लई गार. इचारलं, नवऱ्यानं रक्त दिलं का? मी म्हणलं, व्हय."

"मंग?"

"हसली. म्हणली... मलाबी असंच सांगितलं होतं."

देविदास मायला ढकलून रक्तपेढीकडं पळाला.

प्रतिक्षा वाचली. आता हा गावभर सांगतो, माझ्या रक्तानं जगली. आक्का अजून काय काय बोलली, ते प्रतिक्षा सांगत न्हाई.

दुपारी पोरीला मांडीवर घेऊन एकटीच बोलत बसती. मधीच थांबती... उत्तर ऐकल्यावानी.

देविदास उंबऱ्यात आला की तोंड मिटती.

हसण्याचा आवाज मात्र येतच राहतो...

म्या माझ्या कानानं ऐकलाय. तवापासून मला दाराकडं पाठ करून बसवत न्हाई.