भिंतीवर आदळलेली तिसरी पिढी

गाडीचं नाक भिंतीत घुसलं होतं. इंजिनातून अजून वाफ येत होती, तोवर मासिकाच्या संपादकाने निकाल देऊनही टाकला.

“हिच्या हातात गाडी दिली हीच चूक. उद्यापासून येऊ नकोस.”

गाडी चालवणारी दुखऱ्या मनगटाला फडकं गुंडाळत होती. “मागची चाकं सरकली. मी काही केलं नाही.”

“नाचता येईना, अंगण वाकडं.”

मोटारींच्या त्या मासिकाने एका स्पोर्ट्स कारच्या तिन्ही पिढ्या आणि प्रतिस्पर्धी कंपनीची नवी गाडी एकाच ट्रॅकवर उतरवली होती. सकाळी कोरड्या रस्त्यावर तिसऱ्या पिढीने सगळ्यांना धूळ चारली. जेवणानंतर रस्त्यावर मुद्दाम पाणी सोडलं, आणि पहिल्याच वळणावर ती भिरभिरली.

विमा कंपनीची सर्व्हेअर आली ती थेट मागच्या चाकांपाशी बसली. दोन्ही टायरांवरचे दिशेचे बाण उलटे होते. चाकांचे लाल नट उजवीकडे गुळगुळीत. डावीकडे कोपरे कुरतडल्यासारखे.

“जेवणाच्या वेळी गाड्यांजवळ कोण होतं?”

“हे दोघं,” चालवणारी म्हणाली.

एक प्रतिस्पर्धी कंपनीचा तरुण इंजिनिअर. दुसरे तिचे सख्खे काका. त्या स्पोर्ट्स कारची पहिली पिढी त्यांनीच घडवली होती, आणि ती गाडी घेऊनच ते आले होते.

“फायदा कुणाचा ते बघा, बाई,” काका म्हणाले. “याची गाडी हरत होती.”

“तुमचीही हरतच होती,” इंजिनिअर फणकारला. “सगळ्यांत शेवटची.”

“दुधाचे दात पडले का रे तुझे?”

“तुमच्या त्या जुन्या गाडीत असं वेगळं काय होतं?” सर्व्हेअरने सहज विचारलं.

“सगळंच. डाव्या चाकांचे नटसुद्धा उलट्या आट्यांचे. धावताना सैल पडू नयेत म्हणून. दुसऱ्या पिढीपासून कंपनीतल्या शहाण्यांनी ते काढून टाकलं.”

“म्हणजे डावा नट सोडवायला तुमचा हात उजवीकडे फिरतो.”

काकांनी आपल्या गाडीकडे एक नजर टाकली.

“ऐका,” सर्व्हेअर म्हणाली. “हे टायर बाणाच्या दिशेने फिरले तर त्यांच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. उलटे फिरले तर पाणी खाली अडकतं आणि गाडी घसरते. जेवणाच्या वेळी कुणीतरी मागच्या चाकांची अदलाबदल केली. उजवं सहज निघालं. डावीकडे मात्र सवयीने नट सुटण्याऐवजी आणखी आवळले गेले. पाना घसरला, कोपरे गेले. या इंजिनिअरच्या हाताला ती सवय असायचं कारण नाही. तुमचा पाना दाखवा.”

पाना काकांच्या गाडीतच होता. त्याच्या तोंडात लाल रंगाचे कपचे अडकले होते.

“गाडी एक गिरकी घेईल, चारचौघांत त्या शहाण्यांचं नाक कापलं जाईल, एवढंच होतं मनात,” काका पुटपुटले. पुतणीकडे वळले. “तू सांभाळशील असं वाटलं.”

“म्हणजे मीच चालवणार हे ठाऊक होतं.”

उत्तराची वाट न पाहता ती संपादकाकडे वळली.

“बरं, झालं गेलं गंगेला मिळालं,” संपादक म्हणाला. “उद्या ये.”

“आधी मघाशी बोललात ते परत घ्या. याच लोकांसमोर.”

संपादकाने बुटांकडे बघत शब्द परत घेतले.

“मोठ्याने,” ती म्हणाली.