कमरेचा वळ

“बाय, त्या पोराकडं बघून जळू नको. ते कुणाच्या जिवावर बाळसं धरतंय, ते बघ.”

उमाच्या लेकीला तेल लावता लावता बनूबाई म्हणाली होती. उमानं ते हसण्यावारी नेलं. घरोघर मालीश करणारी बाई, घरोघरच्या गोष्टी सांगणारच.

पण जळत ती होतीच. अंबरनाथच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत लागून दोन घरं. इकडे उमाची लेक किरकिरी, काडीसारखी. तिकडे कुंदाचा मुलगा म्हणजे लोण्याचा गोळा. वर दिमतीला माहेरानं बदलापूरकडच्या वाडीतून पाठवलेली भिकी. तिला रजा नाही, तिची कुरकुर नाही. परवा कपडे वाळत घालताना तिची चोळी छातीशी ओली होती. धुण्याचं पाणी असेल, असं उमाला वाटलं.

आज भर दुपारी कुंदाची हाक आली. “उमा, धाव गं! भिकी पळाली, बाळाची साखळी घेऊन!”

कुंदानं बोलावलेला हवालदार धर्मराज तिच्या दारातच उभा होता. “कधी गेली?”

“पहाटे. उठून बघते तर ही नाही, बाळाच्या कमरेची चांदीची साखळीही नाही. तिला धरून इथेच आणा हं. तुरुंगात नको.”

“चोराला परत घरात घेणार?”

“गरीब आहे हो बिचारी.”

बाळ रडून लाल झालं होतं. बाटली तोंडाशी नेली की ढकलत होतं. कुंदा त्याला कडेवर घेईना. कनवट चाचपत नुसती उभी. शेवटी उमानं त्याला उचललं. त्या गुबगुबीत कमरेवर तिची नजर रोज जायची, आजही गेली. आणि तिथेच थांबली.

“हवालदार, साखळी आत्ताआत्तापर्यंत याच्या अंगावर होती.”

“कशावरून?”

“हा वळ बघा, कड्या मोजता येतील. लेकीला न्हाऊ घालताना मी रोज तिचा करगोटा काढते. अंग पुसेपर्यंत वळ पुसट होतो. पहाटेचा दुपारपर्यंत कसा राहील?”

“जळतेस तू माझ्या बाळावर!”

“जळते. म्हणून तर इतकं बघितलं. साखळी तुझ्या कनवटीला आहे, कुंदा. काढ.”

साखळी निघाली.

“पण खोटी चोरी कशाला?” धर्मराज गोंधळला.

“नुसती कामवाली निघून गेली, तर तुम्ही तिला धरून आणाल? चोर म्हटलं की आणाल. कुंदा, पगार काय देतेस तिला?”

“घरच्यासारखी आहे ती. तिचं लग्न बाबांनी लावून दिलं. खर्च फिटेपर्यंत नवराबायको आमच्याकडेच राबायची, ठरलंय तसं.”

“आणि हा बाटली घेत नाही, कारण तो तिच्या अंगावर पितो. ती चोळी पाण्यानं ओली नव्हती. तिचं स्वतःचं तान्हं कुठंय?”

कुंदा पुटपुटली, “बाबांच्या गोठ्यावर. बाबा म्हणाले, मूल तिकडे असलं की ही पळत नाही.”

धर्मराजनं टोपी काढली. “म्हणजे पळाली नाही, लेकराकडे गेली.”

“थेट हिच्या बाबांच्याच दारात,” उमा म्हणाली. “जा, हवालदार. लवकर जा.”

तो गेला आणि हात हलवत परत आला. कुंदाचे बाबा म्हणाले, अशी कुणी बाई आलीच नाही. झडतीला हुकूम लागतो; तो वरून अजून आलेला नाही.

वाचणाऱ्यांनो, बदलापूरहून बारवी नदीकडे जाताना आमराईपाशी कुंदाच्या बाबांचा कौलारू गोठा लागतो. तिकडून गेलात तर आत डोकावा. भिकी दिसली, तर तिच्या कडेवर तिचं मूल आहे का, तेवढं बघा.