दगडाखालचं मूळ

सासूबाई डोंगर चढायला निघाल्या त्या काही हवा खायला नाही. त्यांना सुऱ्यांच्या मुठींसाठी लाकूड हवं होतं, आणि तेही वाळलेलं, लगेच वापरता येईल असं.

त्यांच्या घरी सुऱ्या घडवत, आणि त्या पात्यांना आसपास तोड नव्हती. पण जावयाने घाई केली. ओलं लाकूड भट्टीशेजारी रचून झटपट वाळवलं, मुठी बसवल्या आणि विकून मोकळा झाला. वरून खडखडीत, आतून ओलं! त्यातली एक मूठ मासेवालीच्या हातात उकलली, पातं फिरलं आणि तिची दोन बोटं गेली. तेव्हापासून दुकानाची पायरी कोणी चढलं नव्हतं. तशा कितीतरी मुठी अजून लोकांच्या हातात होत्या. पुढचं बोट कोणाचं, या विचाराने सासूबाईंना घास गोड लागत नव्हता.

कड्याच्या कपारीत एक झाड वर्षानुवर्षं मरून उभं होतं. त्याचं मूळ वाऱ्याने आतपर्यंत सुकलेलं असणार. ते आणायचं आणि सगळ्या मुठी बदलून द्यायच्या, असा बेत ठरला. बरोबर लेक आणि जावई.

"पाय जपून टाका, जावईबापू. हा डोंगर आहे, तुमची भट्टी नव्हे."

"आई, पुरे झालं आता," लेक म्हणाली.

"मासेवालीलाही पुरेच झालंय. जा, विचार तिला."

जावई पुढे चढत राहिला. त्याच्या पाठीवर दोर, घोंगडी, पहार आणि करवत होती. घळीत पायाखालचा मुरूम सरकत होता, ऊन डोक्यात उतरत होतं. मध्येच लेकीचा पाय निसटला. ती सावरली, पण तिच्याकडचा पाण्याचा कॅन खाली आपटत गेला आणि फुटला.

"तू आहेस ना जागेवर? मग चल," सासूबाई म्हणाल्या, पण पुढे सगळी वाट त्यांनी तिचं मनगट सोडलं नाही.

दुपार कलता कलता ते कपारीशी पोचले. एका प्रचंड दगडाखालून मांडीएवढं मूळ बाहेर आलं होतं. सासूबाईंनी साल खरवडली, नखाने दाबून पाहिलं. रेषा दाट, एकही तडा नाही. "हेच!" तिघांचे डोळे त्या लाकडावर खिळले. त्याच मुळावर टेकलेल्या दगडाकडे कोणी पाहिलंच नाही.

बाहेरचं टोक सहज तुटलं. दगडाकडची बाजू निम्मी कापून झाली आणि करवत अडकली.

"आवळतेय," जावई म्हणाला. "लाकडावर भार आहे, सासूबाई. सोडून देऊ."

भाराखालच्या लाकडात करवत आवळते, हे त्याला शिकवलं होतं सासूबाईंनीच. पण जीभ आधी धावली. "आता बरी सुचली सबुरी! मुठी बसवताना कुठे गेली होती?"

जावयाने पहार उचलली. फटीत पाचर ठोकली. करवत पुन्हा चालू लागली.

काड्! मूळ तुटलं. दगड हलला!

"आई!" लेक किंचाळली. जावयाने सासूबाईंना बाजूला ढकललं. स्वतः मात्र पुरता निघू शकला नाही. दगड त्याच्या पावलावर बसला आणि करकरत आणखी सरकू लागला.

सासूबाईंनी तोडलेलं मूळ उचललं, दगडाखाली घातलं आणि पहारेने ठोकलं. एक घाव. आणखी एक! दगड थांबला. मग मायलेकींनी पहारेवर अंग टाकलं. दगड बोटभर उचलला गेला. "ओढा पाय! ओढा!" जावयाने पाय ओढला. पावलाचा नुसता लगदा झाला होता.

"ते लाकूड घ्या," तो पांढऱ्या ओठांनी म्हणाला. "एवढ्यासाठी तर आलो."

लेकीचा हात तिकडे गेला.

"हात लावू नकोस! ते काढलं तर दगडासकट तिघंही दरीत."

सासूबाईंनी लाकडाकडे पाठ फिरवली. लुगड्याचा पदर फाडून पाय बांधला. दोर आणि घोंगडीची झोळी करून दोघींनी त्याला उतरवायला सुरुवात केली. घशाला कोरड पडली होती. जावई सारखा डोळे मिटत होता.

"डोळे उघडा! अजून बऱ्याच शिव्या द्यायच्या राहिल्यात तुम्हाला."

"द्या... ऐकतोय," तो पुटपुटला.

मग सासूबाईंना एकही शिवी सुचेना.

डॉक्टरांनी पाऊल घोट्यापासून काढलं.

सासूबाई घरोघर फिरल्या. वाटेल ते ऐकून घेतलं आणि विकलेल्या सगळ्या सुऱ्यांच्या मुठी काढून आणल्या. साधं ओलं लाकूड घेतलं, फळ्या पाडल्या, लवकर सुकून तडकू नयेत म्हणून टोकांना मेण लावलं आणि भट्टीपासून लांब, सावलीत रचून ठेवल्या. आता वाट पाहायची. घरात दिवस कसेबसे निघत होते.

एका सकाळी खानावळीचा आचारी उघडं पातं घेऊन दारात उभा राहिला. "मूठ बसवून द्या, बाई. कसलंही लाकूड चालेल."

किती दिवसांनी कोणीतरी पायरी चढलं होतं! सासूबाईंनी ढिगातली वरची फळी उचलली. वाजवून पाहिली. आवाज तर बरा येत होता.

कुबडी टेकत जावई आला. त्याने फळी त्यांच्या हातातून घेतली आणि गालाला लावली.

"गार लागतेय," तो म्हणाला. "आत ओल आहे."

सासूबाईंनी फळी परत घेतली.

"पुढच्या उन्हाळ्यानंतर या," त्यांनी आचाऱ्याला सांगितलं, आणि फळी होती तिथे नेऊन ठेवली.